लाल सांगितला होता की पांढरा

३० मार्च, शनिवार

ही वही माझ्या बायकोनं, एल्बानं आणली. शिवायला घेतलेल्या शाळेच्या गणवेशांचं कापड घ्यायला गेली होती, येताना बाजूच्या दुकानातून उचलली. म्हणाली, "तोंड पाडून बसण्यापेक्षा लिहून काढ." आता हिला काय सांगावं? मी आयुष्यभर न लिहिण्यावर पोट भरलं. आमच्या बोएदो भागात काय आणि अख्ख्या बुएनोस आयरेसमध्ये काय, जातिवंत वेटर ऑर्डर लिहून घेत नाही. दहा माणसांचं टेबल असलं तरी हात पाठीमागे बांधून ऐकायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन एका दमात ओरडायचं, आणि ताटं आली की ज्याचं त्याच्यापुढे ठेवायचं. "मासा कुणाचा?" असं विचारणाऱ्या वेटरपेक्षा पोस्टमन बरा, असं आम्ही म्हणायचो.

काल एकोणतीस तारीख होती. एकोणतीस म्हणजे न्योकी. सगळं शहर त्या दिवशी बटाट्या-मैद्याचे ते उकडलेले गोळे खातं, ताटाखाली एक नोट सरकवतं आणि पुढच्या महिन्यात बरकत येईल म्हणून वाट बघतं. बरकत काही येत नाही, पुढची एकोणतीस मात्र येते. आमच्या खानावळीत, एल साउसेमध्ये, पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या लांब टेबलावर विमा कंपनीतली मंडळी बसली होती. सगळ्यांना न्योकीच, फक्त सॉस वेगळे. टोकाला मनगटावर हे एवढं घड्याळ घातलेला माणूस होता. त्याच्यापुढे मी लाल सॉसची बशी ठेवली, तर म्हणतो, "मी पांढरा सांगितला होता."

मी म्हटलं, "माफ करा, लगेच बदलून आणतो."

"अहो मास्तर, लिहून घेत जा आता! वय झालं तुमचं." सगळं टेबल खो खो हसलं. मीही हसलो. हसणं हा नोकरीचाच भाग आहे.

पण मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो. "लाल, आणि मांसाचा तुकडा जरा मोठा बघा," असं तो म्हणाला होता. पांढऱ्या सॉसमध्ये मांस नसतंच. मग त्याच्या शेजारच्या हिरव्या स्कार्फवाल्या बाईचा पांढरा सॉस आधी आला, आणि त्यानं वाकून तिच्या बशीचा वास घेतला. हे सगळं मला लख्ख दिसतंय. तरीपण त्याला काय पडलंय खोटं बोलायचं? चांगला शिकलेला माणूस. चूक माझीच असणार.

लिआंद्रोनं खांद्यावर हात ठेवला. हा आमचा मालक, जुन्या मालकांचा, डॉन एलादियोंचा पुतण्या. लहानपणी याच टेबलांखाली खेळायचा, मीच त्याला ब्रेडचे तुकडे द्यायचो. "होतं हो, डॉन अन्सेल्मो. मनावर घेऊ नका. या वयात..." असं म्हणून त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं. ते अर्धं वाक्य मी घरी घेऊन आलो.

४ एप्रिल, गुरुवार

एक युक्ती सुचली. दुपारची गडबड संपवून घरी आलो की जेवणाच्या ऑर्डरी आठवून इथं लिहायच्या. बघू डोकं किती शिल्लक आहे.

खिडकीतलं टेबल: चष्मेवाला वकील, भाजलेली कोंबडी, कातडं काढून, सोबत भोपळ्याचा लगदा, सोड्याची बाटली. त्याची आई, भाताचं सूप, मीठ कमी, तिनं मागून लिंबू मागितलं. खांबाजवळ तिघं रंगारी, दोघांना तळलेल्या मांसाच्या कापाचा मिलानेसा अंड्यासकट, तिसऱ्याला अंडं नको, कारण काल त्याच्या पोटात दुखत होतं, वाईन घरची, एकच बाटली, बर्फ वेगळा. कोपऱ्यात नवराबायको, बोलत नव्हते, मासा आणि मासा, एक तळून, एक भाजून, तळलेला बायकोचा.

अशी पानभर यादी झाली. मग पेन खाली ठेवलं आणि वाटलं, हे बरोबर आहे असं सांगणार कोण? परीक्षा माझंच डोकं देतंय आणि पेपरही तेच तपासतंय.

एल्बा कडेला बसून स्कर्ट बेतत होती. ती नजरेनं कापते. पोरीकडे एकदा बघते आणि कात्री चालवते. टेप गळ्यात असतो, पण दागिन्यासारखा. म्हणाली, "एवढं आठवतंय तर रडतोस कशाला?"

"एवढंच आठवत असेल तर? जे विसरलो ते विसरलो हे कळणार कसं?"

"देवा रे," म्हणाली, आणि सरळ रेषेत कापत गेली.

११ एप्रिल, गुरुवार

मला हा धंदा बाल्दोमेरोनं शिकवला. बुटका होता, दाढेत सोनं, आणि चालायचा असा की जमिनीला पाय लागतो की नाही कळू नये. त्याचा मंत्र एकच होता. "शब्द लक्षात ठेवू नकोस, पोरा. चेहरा बघ आणि त्याच्यापुढे मनात ताट मांड. माणूस उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसला तरी त्याचं ताट त्याच्यामागे जातं." खरंच तसं होतं. मी कधी काही पाठ केलं नाही. मी नुसतं बघायचो.

आज पहिल्यांदा टेबलावर ऑर्डर उलटी म्हणून दाखवली. "म्हणजे तुम्हाला कोंबडी, तुम्हाला राव्हिओली..." म्हणताना माझं मलाच कसंतरी वाटलं. पलीकडचा बाप्या पोरीला म्हणाला, "बघ, आजोबा घोकतायत."

चुकलो नाही. पण पूर्वी चुकलो नाही म्हणजे काही विशेष वाटायचं नाही. आता प्रत्येक ताट ठेवलं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, नापास करतोय का.

२३ एप्रिल, मंगळवार

एल्बानं हात धरून डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई, केस आखूड. शब्द सांगितले आणि मागून विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, प्राण्यांची नावं घ्यायला लावली. मी सिंहापासून मुंगीपर्यंत आलो तेव्हा तिनंच थांबवलं. म्हणाली, "उत्तम. तुमच्या वयाच्या मानानं फारच उत्तम."

बाहेर आल्यावर एल्बा म्हणाली, "ऐकलंस? फारच उत्तम."

"वयाच्या मानानं म्हणाली ती."

"कौतुक केलं रे बाईनं."

"लंगड्याला म्हणतात तसं. लंगडा असून किती छान चालतो."

एल्बा रागावली आणि पुढे निघून गेली. बसस्टॉपवर भेटलो तेव्हा माझ्यासाठी जागा धरून बसली होती.

३० एप्रिल, मंगळवार

काल सोमवार, आमचा बंदचा दिवस. पण एकोणतीस आली म्हणून खानावळ उघडली. नऊ नंबरची ऑर्डर घेऊन खिडकीशी गेलो आणि ओरडलो, "नऊ नंबर!" आणि पुढे काहीच नाही. क्रिस्पिन आत पळी वर धरून उभा.

क्रिस्पिन आमचा स्वयंपाकी. पाराग्वाईचा, जाडा, तोंडाचा फाटका, मनाचा लाख. "बोल की म्हाताऱ्या. नऊ नंबर काय? देवाघरी गेला का?"

मी पुन्हा टेबलाकडे निघालो. खांबापर्यंत पोचलो आणि सगळं आठवलं, एकूण एक. तरीही गेलो आणि विचारलं. का विचारलं? कारण आठवलेलं खरं कशावरून? त्यांनी पुन्हा सांगितलं, अगदी मला आठवलं होतं तेच. मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली.

नंतर भांडी घासायच्या मोरीशी क्रिस्पिननं गाठलं. "त्या घड्याळवाल्यानं तुझ्यावर काय करणी केली रे? तू 'लाल' ओरडलास म्हणून मी लाल दिला. तू चुकीचं ओरडलेला मला तरी आठवत नाही."

"तुला कुठं काय आठवतं?"

"मला आठवायची गरजच काय? तू आहेस ना."

बोलून तो आपला कांदा कापायला लागला. मी मात्र तिथंच उभा राहिलो. एवढा मोठा माणूस माझ्या डोक्याच्या भरवशावर स्वयंपाक करतोय, आणि डोक्याचं हे असं.

१४ मे, मंगळवार

यंत्र आलं. मोबाईलपेक्षा थोडं मोठं, काचेवर बोट लावायचं. आपण दाबलं की आत क्रिस्पिनच्या शेजारी चिठ्ठी निघते, मग ती ताटाच्या कडेला अडकवून ताट बाहेर येतं. ओरडायचं काम संपलं.

लिआंद्रोनं छोटंसं भाषण केलं. गर्दी वाढली आहे, जमाना बदलला आहे वगैरे. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांगू? मी हे तुमच्यासाठीच आणलं. डोक्याला ताण नको. तुम्ही पुष्कळ केलंत, आता यंत्राला करू द्या." पोरगा मनापासून बोलत होता. त्याच्यावर रागवायचीही सोय नाही.

यामिलानं शिकवलं. ही आमच्यातली तरुण वेटर, चलाख, चपळ, तिन्हीत्रिकाळ च्युइंगम. "डॉन अन्सेल्मो, सोप्पं आहे. दाराकडची खुर्ची एक नंबर, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोन, तीन. खुर्चीवर बोट, पदार्थावर बोट, संपलं."

"आणि माणूस?"

"कुठला माणूस?"

"खुर्चीवरचा."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

आतून क्रिस्पिन ओरडला, "इथं चिठ्ठ्या नुसत्या हगतंय हे! म्हाताऱ्या, एकदा तरी ओरड रे, कानाला चैन पडत नाही." मी ओरडलो नाही.

२ जून, रविवार

यंत्र आल्यापासून एकही चूक नाही. लिआंद्रो खूश. मीही सुटलो म्हणायचं.

आज खिडकीतल्या वकिलाच्या आईनं बाही धरली. "अन्सेल्मो, रागावलायस का माझ्यावर? आल्यापासून एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस." मी म्हटलं, "नाही हो बाईसाहेब." खरं म्हणजे मी काचेकडे बघत असतो. चुकीचं बोट पडायला नको. घरी येऊन आजच्या ऑर्डरी लिहायला बसलो, पण पान कोरंच राहिलं. एकही आठवली नाही. घ्या, हाच पुरावा. दोन महिन्यांपूर्वी पानभर यादी झाली होती.

एल्बाला दाखवलं. म्हणाली, "तू बघितलंच नाहीस तर आठवेल काय, कपाळ?" तिचं ऐकलं की सगळं सोपं वाटतं. पण ती माझी बायको आहे, डॉक्टर नाही.

३० जून, रविवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

काल एकोणतीस, त्यात शनिवार. दाराबाहेर रांग होती. पेर्लाबाई आल्या, सोबत मुलगा उगो आणि नात रेनाता. रेनाताला गहू चालत नाही. ताटाला नुसता मैदा लागला तरी आतडं पेटतं तिचं. तिच्यासाठी क्रिस्पिन वेगळ्या पातेल्यात कसावाच्या कंदाच्या पिठाच्या न्योकी करतो. दिसायला अगदी तशाच, वर लाल सॉस पडला की त्याच्या आईलाही ओळखू येणार नाहीत. पोरगी घास खायला लागली तेव्हापासून तिचं ताट मी वाढतो. बाकीचे आईबाप प्रत्येक ताटाला विचारतात, हे नक्की बिनगव्हाचं ना? पेर्लाबाई कधी विचारत नाहीत. "अन्सेल्मोनं आणलं म्हणजे झालं," म्हणतात.

मी यंत्रावर घेतलं. खुर्ची एक, रेनाता, बिनगव्हाच्या, लाल. खुर्ची दोन, पेर्लाबाई, पांढरा. खुर्ची तीन, उगो, साध्या, लाल. मग पाणी, ब्रेडची टोपली लांब ठेवली, रेनाताला दात पडलेला दाखवायचा होता तो बघितला. दार सारखं उघडत होतं, गार वारा आत येत होता. पेर्लाबाईंनी आरडाओरड करून कोट गोळा केले, पोरीला आत भिंतीकडे बसवलं, उगोला दाराकडे. मी बारा नंबरकडे वळलो.

ताटं आली. दोन लाल, एक पांढरं. पांढरं पेर्लाबाईंना दिलं. डाव्या हातातलं ताट बिनगव्हाचं होतं, आणि माझा डावा हात आपोआप रेनाताकडे गेला. टेबलाला टेकणार एवढ्यात कडेची चिठ्ठी दिसली. खुर्ची एक. मी थांबलो. रेनाता तर तीनवर बसली होती. हात म्हणत होता तिला दे. चिठ्ठी म्हणत होती, एक नंबर. मी स्वतःशी म्हटलं, अन्सेल्मो, तुझं काय खरं आहे? यंत्र विसरत नाही. तू विसरतोस. डाव्या हातात बिनगव्हाचंच आहे हे तरी कशावरून? आणि डाव्या हातातलं ताट मी उगोपुढे ठेवलं, उजव्यातलं रेनातापुढे.

थोड्या वेळानं शेजारून जाताना उगो म्हणाला, "आज न्योकी जरा चिवट लागतायत, नाही का?" कसावाच्या चिवटच लागतात.  धावत यामिलाकडे गेलो. "बघ गं जरा, सात नंबर टेबल, बिनगव्हाचं कुणाचं?" तिनं काचेवर बोट फिरवलं. "खुर्ची एक. तुम्हीच टाकलंय, डॉन अन्सेल्मो. बरोबर आहे सगळं."

बरोबर आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. मी बारा नंबरला कॉफी न्यायला गेलो. रेनाता बशी पुसून खात होती. मला बघून बोटानं पडलेला दात दाखवला.

संध्याकाळी फोन आला. पोरगी वांत्या करून निपचित पडली होती, इस्पितळात सलाइन लावलंय.

३ जुलै, बुधवार

रेनाता घरी आली. अशक्त आहे, पण बरी आहे. मी फोन केला तेव्हा उगोनं उचलला आणि सांगितलं, "आई बोलत नाहीये." मागून पेर्लाबाईंचा आवाज आला, "त्याला सांग, मी रागावले नाही. पण आता येणार नाही." रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं.

लिआंद्रो एक शब्द वाकडा बोलला नाही. मीच म्हटलं, "मला टेबलांवरून काढ." त्यानं नाही-नाही म्हटलं, पण नुसतं तोंडानं. चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मग हळूच म्हणाला, "दारात उभे राहा ना तुम्ही. कोट चढवून. लोकांना तुम्ही दिसलात की बरं वाटतं." फुलदाणीही दिसली की बरं वाटतं. मी म्हटलं, दार नको, मी आत बसून रुमालात काटे-चमचे गुंडाळीन.

९ जुलै, मंगळवार

स्वातंत्र्याचा दिवस. क्रिस्पिननं मक्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं चढवलं होतं. मी त्याच्याच टेबलाच्या टोकाला बसून रुमाल गुंडाळत होतो. त्याला राहवलं नाही.

"एक सांग. तू ऑर्डर घेतलीस तेव्हा पोर कुठं बसली होती?"

"एकवर."

"आणि ताट आलं तेव्हा?"

"तीनवर. वारा येत होता म्हणून पेर्लाबाईंनी..."

"मग? खुर्ची हलली, यंत्राला काय घंटा कळणार? तुला कळत होतं! जा, जाऊन सांग लिआंद्रोला."

त्याचं म्हणणं चूक नाही. पण त्याला मुद्दा कळत नाही. मी म्हटलं, "मला कळत होतं ना? मग हात मागे का घेतला? चाळिशीतला असतो तर चिठ्ठी फाडून फेकली असती आणि ताट पोरीपुढे ठेवलं असतं. हेच तर वय, क्रिस्पिन. माहीत असूनही हात मागे घेणं."

"ते वय नाही, गाढवा. ती भीती आहे."

"ती वयातच येते."

त्यानं पळी आपटली आणि पाराग्वाईच्या त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. माझ्या आईबद्दल असावं. मी पुढचा रुमाल घेतला. बाहेर यामिला एका टेबलाशी उभी राहून विचारत होती, "मासा कुणाचा?"

२८ जुलै, रविवार

आज शेवटचा दिवस. मीच सांगितलं, आता पुरे. रुमालही वाकडे गुंडाळले जातायत असं वाटायला लागलं होतं. प्रत्येक गुंडाळी उलगडून बघायचो, आत सुरी आहे ना, काटा आहे ना. असायची.

केक कापला. लिआंद्रो रडला, मी त्याचं सांत्वन केलं. वकिलाच्या आईनं गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "आता मला लिंबू लागतं हे कुणाला आठवेल?" क्रिस्पिन बाहेर आलाच नाही. निघताना खिडकीशी गेलो तर पाठ करून उभा होता. म्हणाला, "ओरड एकदा." मी म्हटलं, काय ओरडू? "काहीही. नऊ नंबर ओरड."

मला ओरडता आलं नाही. नऊ नंबरवर कोण बसलंय हे मी पाहिलंच नव्हतं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

महिनाभर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. एल्बाला घरात मी पायात येतो. काल एकोणतीस, म्हणून तिनं मला बाहेर काढलं. "एल साउसे सोडून कुठंही चल, पण न्योकी चुकवायच्या नाहीत." शेजारच्या आल्माग्रो भागात एका कोपऱ्यावर बरी खानावळ दिसली. वेटर तिशीतला, अदबशीर, हातात तेच यंत्र. आमच्या तोंडाकडे न बघता बोट चालवत होता. मला त्याची दया आली.

एल्बानं लोण्यातल्या मागितल्या. मी म्हटलं, "मला लाल सॉस, आणि मांसाचा तुकडा जरा मोठा बघा."

ताटं आली तेव्हा माझ्यापुढे पांढरा होता.

एल्बानं लगेच हात वर केला. "अहो, यांना लाल सांगितला होता."

वेटर परत आला, काचेवर बघितलं. "माझ्याकडे पांढरा आलाय, मॅडम."

मी एल्बाचा हात खाली केला. "बरोबर आहे हो तुमचं. मी पांढराच म्हणालो." तो गेला.

"तू लाल म्हणालास," एल्बा म्हणाली. "मी शेजारी बसलेय, माझ्या कानांनी ऐकलं. मांसाचा तुकडाही मागितलास. पांढऱ्यात मांस कुठून येणार?"

मलाही तसंच आठवत होतं. पण माझ्या आठवण्याला काय किंमत? यंत्रात पांढरा आहे म्हणजे मी पांढराच म्हटलं असणार. तिला वाईट वाटू नये म्हणून हसत हसत म्हणालो, "तू चुकीचं ऐकलंस, एल्बा. आपलं दोघांचंही वय झालं आता."

मला वाटलं होतं, नेहमीसारखं "कपाळ!" म्हणेल. पण ती काटा हातात धरून माझ्या ताटाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "नक्की? तू पांढरा म्हणालास?"

"नक्की."

"मला अगदी लाल ऐकू आलं."

"होतं असं," मी म्हटलं. "मनावर घेऊ नकोस. या वयात..."

 पांढरा सॉस थोडा गुळचट होता, पण खाल्ला सगळा.

घरी आल्यावर मी आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच बाहेरच्या खोलीत कात्री ठेवल्याचा आवाज आला. उठून बघितलं तर एल्बा सकाळी कापलेला स्कर्ट टेबलावर पसरून, गळ्यातला टेप काढून, एकेक बाजू मोजत होती. शेवटापर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. इतक्या वर्षांत मी तिला असं मोजताना कधी बघितलं नव्हतं. बरं झालं. या वयात खात्री करून घेतलेली चांगली.